वॉर्डात शेजारी कोण उभं असतं?

जर्मनीत शिकाऊ नर्सला पहिल्या महिन्यापासून पगार मिळतो, हे मी गेल्या सुट्टीत घरी सांगितलं तेव्हा सगळ्यांनी मोबाइल काढून गुणाकार केला. सार्वजनिक रुग्णालयांच्या वेतन करारानुसार 2024 मध्ये पहिल्या वर्षाला महिन्याला साधारण 1340 युरो मिळायचे. रुपयांत लाखाच्या वर. विमा, कर, घरभाडं जाऊन हातात किती उरतं हे कोणी विचारलं नाही. ते एक वेळ ठीक. पण हे पैसे नेमके कशाबद्दल देतात, हेही कोणी विचारलं नाही. मला तर तेच सांगायचं होतं.

बहिणीची मुलगी यंदा बारावी झाली आणि तिला नर्स व्हायचंय. दाजींचं म्हणणं, डिप्लोमाला आता किंमत राहिली नाही, चार वर्षं जाऊ देत पण बीएस्सी नर्सिंगच कर. बहिणीचं म्हणणं, तीन वर्षांत जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग आणि मिडवायफरीचा डिप्लोमा होतो, हातात नोकरी येते, पुढचं पुढे बघू. आणि चुलत्यांनी तिसरंच काढलं: इथं कशाला, जर्मन भाषेचा क्लास लाव आणि थेट मावशीकडे जा. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, 10,000 तरुणांना पाठवण्याचं बोललं गेलं, त्यात नर्सही आहेत. मी राहते ते स्टुटगार्ट याच राज्यात. त्यामुळे तेव्हापासून मला येणारे फोन वाढलेत.

आमच्या घरातला वाद महाराष्ट्रातल्या हजार घरांत चालू असणार. वरची दिशाही पदवीकडेच आहे. 2023 मध्ये केंद्रानं वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून 157 नवी नर्सिंग कॉलेजं मंजूर केली, ती पदवीची. त्याच वर्षी 1947 चा नर्सिंग कौन्सिलचा कायदा बाजूला सारून राष्ट्रीय आयोगाचा नवा कायदा संसदेनं केला. जीएनएम बंद होणार ही चर्चा तर मी शिकत असल्यापासून ऐकतेय.

मी स्वतः जीएनएम. जिल्ह्याच्या गावी, एका खासगी संस्थेत तीन वर्षं काढली. नाव घेत नाही, कारण अशा संस्था पुष्कळ आहेत आणि एकीला दोष देऊन काही साधणार नाही. वर्गातलं शिकवणं वाईट नव्हतं. ॲनाटॉमी शिकवणाऱ्या मॅडमचे फळ्यावरचे हृदयाचे कप्पे मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. अडचण वॉर्डात होती. कौन्सिलच्या नियमात दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक आहे, एका विद्यार्थिनीकडे तीन पेशंट असावेत असंही आहे. आमच्या पोस्टिंगला ट्युटर हजेरी घ्यायच्या आणि कॉलेजला परत जायच्या, कारण तिकडे दुसरा वर्ग वाट बघत असायचा. दुसऱ्या वर्षी नाइट ड्युटीला मेडिसिन वॉर्डात एक स्टाफ सिस्टर आणि आम्ही दोघी विद्यार्थिनी. खाटा भरलेल्या, दोन पेशंट खाली गादीवर. आम्ही शिकायला आलोय हे कोणाच्या ध्यानातही नसायचं. आम्ही म्हणजे हक्काचे चार हात.

गळ्याला नळी बसवलेल्या पेशंटचं सक्शन, म्हणजे नळीतला कफ ओढून काढणं, मला पहिल्यांदा वॉर्डबॉयनं दाखवलं. ट्युटर नव्हत्या, सिस्टर दुसऱ्या टोकाला होत्या, पेशंटच्या नळीतून खरखर येत होती. मामांनी कॅथेटर हातात दिला आणि म्हणाले, "घाबरू नका ताई, असं आत घालायचं आणि फिरवत बाहेर काढायचं." त्यांनी मायेनं शिकवलं, आणि त्या रात्री तो पेशंट त्यांच्यामुळे वाचला. पण हातमोजे निर्जंतुक हवेत, नळी किती आत जाऊ द्यायची, किती सेकंदांत बाहेर काढायची, आधी ऑक्सिजन का वाढवायचा, यातलं त्यांना काही माहीत नव्हतं. कोण सांगणार त्यांना? परीक्षेआधी दोन दिवस आम्ही सगळ्याजणी प्रोसिजर बुक, म्हणजे शिकलेल्या प्रत्येक कामासमोर सही घ्यायची वही, घेऊन बसलो आणि सह्या गोळा केल्या. माझ्या वहीत सक्शनसमोर सही आहे.

आता इकडचं. जर्मनीतलं नर्सचं शिक्षण मुख्यतः डिप्लोमाच आहे. त्याला आउसबिल्डुंग म्हणतात. तीन वर्षांचं, शाळेची दहा वर्षं झाली की प्रवेश मिळतो, बारावीची अट नाही. हे सांगितलं की दाजींसारख्यांना धक्का बसतो. 2020 पासून नवा कायदा लागू झाला, आजारी माणसांची, मुलांची आणि म्हाताऱ्यांची शुश्रूषा असे तीन वेगळे अभ्यासक्रम होते ते एक झाले. किमान 2100 तास वर्गात, 2500 तास प्रत्यक्ष कामावर. बेरीज 4600, युरोपीय संघाचा किमान नियम तेवढाच आहे.

तास आपल्याकडेही कागदावर भरपूर आहेत. फरक पडतो तो एका कलमानं. प्रत्येक पोस्टिंगच्या किमान दहा टक्के वेळात शिकवणारी नर्स विद्यार्थ्याबरोबर असलीच पाहिजे, ठरवून, वेळापत्रकात लिहून. 2500 तासांचे दहा टक्के म्हणजे 250 तास. या नर्सला प्राक्सिसआनलायटर म्हणतात. कामाचा अनुभव असलेलीच व्यक्ती, वर 300 तासांचं शिकवण्याचं प्रशिक्षण, शिवाय दरवर्षी 24 तासांची उजळणी. मी ते प्रशिक्षण केलं आणि आता तेच काम करते.

काम कसं असतं ते एका सकाळीवरून सांगते. पहिल्या वर्षातली मुलगी, अठरा वर्षांची. पक्षाघातानं डावी बाजू गेलेले आजोबा, त्यांना आंघोळ घालून कपडे घालायचे. त्या सकाळी माझ्याकडे दुसरा पेशंट नाही, मी फक्त तिच्याबरोबर. तिनं पाणी आणलं, दार लावलं, अंगावर पांघरूण ठेवून लागेल तेवढाच भाग उघडा केला. छान चाललं होतं. शर्ट घालताना मात्र ती चांगल्या हातापासून सुरू करायला गेली. मी थांबवलं. आधी अधू हात बाहीत, मग चांगला, नाहीतर अधू खांद्याला हिसका बसतो आणि तो खांदा महिनोन्महिने दुखत राहतो. काढताना उलटं. तिनं शर्ट परत काढला, पुन्हा घातला. मग कुशीवर वळवल्यावर माकडहाडापाशी लालसर डाग दिसला. "बोटानं दाब आणि सोड," मी म्हटलं. लाली पांढरी झाली नाही, तशीच राहिली. म्हणजे बेडसोरची पहिली पायरी. दर किती वेळानं कूस बदलायची ते तिनं स्वतः ठरवलं आणि काळजीच्या आराखड्यात लिहिलं. नंतर वीस मिनिटं आम्ही दोघी बसून बोललो आणि तास वहीत नोंदले.

हे मुद्दाम लांबवून सांगितलं, कारण आपल्याकडून आलेल्या मुलींची पहिली तक्रार इथंच असते. "आम्ही आयसीयूत काम केलंय, सलाईन लावलंय, आणि इथं आम्हाला पेशंटना आंघोळ घालायला लावतात." आपल्याकडे हे काम वॉर्डातल्या आया-मावशी करतात, नाहीतर नातेवाईक. इथं शीर शोधून सुई लावणं बहुतेक ठिकाणी डॉक्टरचं काम आणि आंघोळ नर्सचं. मलाही आल्यावर सहा महिने हे मनाला लागलं होतं. रोज रात्री घरी फोन करून मी हेच बोलायची. पण माकडहाडाची लाली, सुजलेले पाय, श्वास लागतोय का, माणूस कालच्यापेक्षा गोंधळलाय का, हे सगळं त्या अर्ध्या तासात दिसतं. पेशंटला काळजीची किती गरज आहे हे ठरवणं इथं कायद्यानंच नर्सकडे राखलेलं आहे. डॉक्टरही ते तिच्याऐवजी करू शकत नाही. माझ्या जीएनएमच्या तीन वर्षांत मला असा अधिकार कोणी दिला नव्हता, आणि मी तो मागितलाही नव्हता.

आता पदवीवाल्यांची बाजू, कारण ती खोटी नाही. 2014 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात नऊ युरोपीय देशांतल्या रुग्णालयांचा एक मोठा अभ्यास आला होता. पदवीधर नर्सचं प्रमाण दहा टक्क्यांनी वाढलं तर शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी कमी आढळली. मग बीएस्सीच हवं, असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण त्याच अभ्यासात दुसराही निष्कर्ष आहे, तो फारसा कोणी सांगत नाही: नर्सकडे एक पेशंट वाढला की मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी वाढते. दोन्ही वाक्यं एकत्र वाचायला हवीत. चाळीस खाटांच्या वॉर्डात एकटी उभी केली तर बीएस्सी काय आणि जीएनएम काय. जर्मनीतही पदवीचे अभ्यासक्रम आहेत, 2024 पासून त्या विद्यार्थ्यांनाही शिकत असताना पगार सुरू झाला. पण म्हणून डिप्लोमाला कमी लेखून मोडीत काढलेलं नाही.

इथं सगळं छान आहे असंही नाही. माणसं कमी आहेत. कोणी आजारी पडलं की पहिला बळी जातो तो माझ्या ठरवलेल्या शिकवणीच्या तासाचा, आणि विद्यार्थिनीला रिकाम्या जागी उभं केलं जातं. अशा दिवशी मला माझा मेडिसिन वॉर्ड आठवतो आणि फार राग येतो. मुली अर्ध्यात सोडूनही जातात. पण तास बुडाला की तो बुडाला हे कागदावर राहतं, ती मुलगी शाळेत जाऊन तक्रार करू शकते, आणि करते.

आणि पैसा. शिकाऊंचा पगार आणि शाळेचा खर्च प्रत्येक राज्यातल्या एका निधीतून येतो. रुग्णालयं आणि वृद्धाश्रम, विद्यार्थी घेणारे असोत वा नसोत, सगळे त्यात भर घालतात. शिकलेली नर्स सगळ्यांनाच लागते, तर खर्चही सगळ्यांनी उचलावा. आपल्याकडे तो बापाच्या शेतावर किंवा आईच्या दागिन्यांवर पडतो. मुलगी शिकून बाहेर पडली की लहान खासगी रुग्णालयात तिला काय मिळतं हे लिहायला नको. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीनं पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही 20,000 रुपयांपेक्षा कमी पगार नसावा असं सुचवलं होतं. माझ्या बॅचच्या मैत्रिणींना विचारा, तो आकडा किती जणींनी पाहिला. पदवी की डिप्लोमा या वादाला जेवढा वेळ जातो, त्याच्या निम्मा वेळ तरी या आकड्याला मिळावा असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते, कारण यात मुलींची वर्षं जातात. "नर्सिंग डिप्लोमा" असा बोर्ड लावून सहा महिन्यांचे, वर्षाचे कोर्स गावोगावी चालतात. रुग्णसहायकाचं ते प्रशिक्षण असेल तर तसं सांगून घ्यावं, त्या कामालाही मान आहे. पण त्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळत नाही, आणि नोंदणी नसेल तर इथं जर्मनीत तुम्ही नर्स म्हणून कोणाच्या लेखी नाही. माझ्या जीएनएमचे तास, विषय, पोस्टिंग असं एकेक पान इथल्या कार्यालयानं तपासलं, कमी काय पडतं त्याचं पत्र दिलं, आणि मी तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षा दिली तेव्हा कुठं पूर्ण नर्स झाले. तोवर सहायक म्हणूनच काम आणि सहायकाचाच पगार. क्लासवाले हे सांगत नाहीत.

भाचीला मी जीएनएम कर किंवा बीएस्सी कर असं काही सांगितलं नाही. म्हटलं, कॉलेज बघायला जाशील तेव्हा इमारत आणि लॅबमधल्या बाहुल्या बघू नकोस. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गेटबाहेर गाठ आणि विचार, आज सकाळी वॉर्डात तुमच्याबरोबर कोण होतं?

ती तीन ठिकाणी जाऊन आली. दोन ठिकाणी मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. तिसरीकडे, एका साध्या, जुन्या जीएनएम शाळेत, दोघी एकदम म्हणाल्या, "आमच्या मॅडम. आज कॅथेटर टाकताना तीनदा पहिल्यापासून करायला लावलं त्यांनी." फॉर्म तिथला भरलाय. दाजी अजून नाराज आहेत. जर्मनचा क्लास तिनं स्वतःच तिसऱ्या वर्षापर्यंत पुढे ढकललाय.