लुटुपुटूच्या सामन्याबद्दल

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, त्यातली निम्मी बरोबरही आहे, म्हणून उत्तर लांबतंय. 16 ऑगस्ट 2010ला न्यूयॉर्कच्या जायंट्स आणि जेट्स या अमेरिकन फुटबॉल संघांत झालेल्या, हंगामाआधीच्या सराव सामन्याच्या माझ्या आठवणीवर तुमचे दोन आक्षेप आहेत. ज्याचा निकाल कुठे धरतच नाहीत अशा ‘लुटुपुटूच्या’ सामन्यावर एवढा जीव कशाला टाकायचा, हा पहिला. आणि जायंट्सच्या नवख्या रिसीव्हरबद्दलचं (पास झेलणाऱ्या खेळाडूबद्दलचं) ‘व्हिक्टर क्रूझ पुढे जाणार हे त्या रात्रीच दिसलं’ हे माझं वाक्य म्हणजे निकाल लागल्यावर सांगितलेलं भविष्य, हा दुसरा.

दुसरा आधी घेतो, कारण तिथे मी सपशेल सापडलो. त्या रात्री क्रूझने 6 झेल, 145 यार्ड आणि 3 टचडाऊन (म्हणजे चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या गोलक्षेत्रात नेणं) केले. पण नंतरच्या खऱ्या हंगामात तो जेमतेम 3 सामने खेळला, एकही झेल नाही, मग मांडीमागचा स्नायू (हॅमस्ट्रिंग) दुखावला आणि वर्ष संपलं. 1,536 यार्ड आणि सुपर बोल, म्हणजे विजेतेपदाचा अंतिम सामना, हे सगळं पुढच्या हंगामातलं. मधलं कोरडं वर्ष मी सोयीस्करपणे गिळलं होतं.

पहिला आक्षेप मात्र अर्धाच पटतो. निकालाला अर्थ नाही हे कबूल. 2008मध्ये डेट्रॉइट लायन्सनी चारही सराव सामने जिंकले आणि हंगामात सोळाच्या सोळा हरले. पण निकाल धरत नाहीत म्हणजे कोणाचं काही जात नाही, असं थोडंच आहे? 1969च्या ऑगस्टमध्ये याच दोन संघांची पहिली गाठ येल बोल या स्टेडियमवर पडली, तीही सराव सामन्यातच. सुपर बोल जिंकून आलेल्या जेट्सनी जायंट्सना 37-14 असं धुतलं. जायंट्स त्या वर्षी सगळे सराव सामने हरले आणि हंगाम सुरू व्हायच्या आत प्रशिक्षक ॲली शर्मन यांना नारळ मिळाला.

खेळाडूंचं तर विचारूच नका. आता हंगामाआधीच्या शिबिरात प्रत्येक संघाकडे 90 जण असतात आणि ऑगस्ट सरता सरता 53 उरतात. काहींना सराव संघात, म्हणजे राखीव फळीत, जागा मिळते, बाकीचे सामान बांधतात. मोठी नावं दोन-चार चाली खेळून टोपी घालून बाजूला उभी राहतात आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये प्रेक्षक गाड्या काढायला उठतात. नेमकी तेव्हा मैदानावरच्या पोरांची नोकरी ठरत असते. मी बघायला थांबतो तो त्यासाठी. क्रूझला ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू आळीपाळीने निवडतात तिथे, कोणीही घेतलं नव्हतं. पोरगा न्यू जर्सीतल्या, स्टेडियमजवळच्याच पॅटरसनचा, आणि अंगात 3 नंबरची जर्सी. तेव्हा रिसीव्हरना हंगामात तो नंबर मिळतच नसे. म्हणजे नंबरसुद्धा तात्पुरता!

शिवाय लुटुपुटूच्या सामन्यातही रक्त खरंच येतं. त्याच रात्री जायंट्सचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा, चाली चालवणारा खेळाडू) ईलाय मॅनिंग याचं हेल्मेट उडालं, कपाळाला खोक पडली, 12 टाके. संघाचा पहिला क्वार्टरबॅक असल्या सामन्यात का उतरवावा, असा आक्षेप घेतला असतात तर मी काही बोललो नसतो. सीझन तिकीटवाल्यांच्या गळ्यात तेव्हा सराव सामन्यांची तिकिटंही पूर्ण भावात मारत, त्याबद्दल तर मी तुमच्याहून जास्त चिडेन. (मला तिकीट एका सहकाऱ्याने फुकट दिलं होतं. त्याला यायचं नव्हतं.)

तर ‘त्या रात्रीच दिसलं’ हे वाक्य काढून टाकतो. खरं काय घडलं ते लिहितो. नव्या स्टेडियममधला पहिलाच जायंट्स-जेट्स सामना, जायंट्स 31-16 जिंकले. परतताना सिकॉकस स्टेशनवर गाडी बदलताना मी शेजारी उभ्या असलेल्या, जायंट्सची निळी जर्सी घातलेल्या म्हाताऱ्याला विचारलं, तो 3 नंबरवाला कोण? त्यालाही माहीत नव्हतं.