एसीतला गॅस दरवर्षी कसा संपवावा

नाशिकची हवा थंड आहे, असं आपण मुंबईच्या पाहुण्यांना सांगतो आणि एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडायला लागला की गुपचूप एसी लावतो. पुढे ऑक्टोबर ते मार्च त्या एसीकडे ढुंकूनही बघायचं नाही, हा पहिला नियम. काही लोक जानेवारीतच सर्व्हिसिंग उरकून घेतात. त्यांना मेकॅनिक म्हणेल त्या दिवशी मिळतो, तो घाईत नसतो, पैसेही बेताचे घेतो. असल्या मिळमिळीत व्यवहारात काही राम नाही. तुम्ही थांबा. पहिल्या खऱ्या उकाड्याच्या रात्री रिमोट दाबा, एसीतून पंख्याइतकीच हवा आली की मग हालचाल करा. त्या आठवड्यात अख्खं नाशिक मेकॅनिक शोधत असतं, त्यामुळे घासाघीस करण्याचा त्रास आपोआप वाचतो.

आता नंबर. कंपनीचा ग्राहक सेवा क्रमांक वॉरंटी कार्डावर छापलेला असतो, तिकडे जाऊ नका, कारण ते कार्ड ज्या खणात आहे त्या खणात बाकीही बरंच काही निघेल. मोबाइलवर कंपनीचं नाव टाका आणि सगळ्यात वर जाहिरात म्हणून येईल तो नंबर लावा. पलीकडच्या माणसाने एका वाक्यात तीनदा ‘अधिकृत’ म्हटलं की निश्चिंत व्हा. खऱ्या अधिकृत माणसाला ते इतकं सांगावं लागत नाही, पण हा विचार तेव्हा मनात आणायचा नसतो. नोंदणीचे म्हणून फक्त दहा रुपये भरायची लिंक आली तर भरा. मोबाइलची स्क्रीन त्याला दिसेल असं एखादं ॲप टाकायला सांगितलं तर तेही टाका. पुढे खात्यातून जे जाईल त्याबद्दल १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन केला, तर रक्कम मध्येच रोखली जाण्याची शक्यता असते. म्हणून फोन करण्याआधी दोन दिवस ‘लोक काय म्हणतील’ यात घालवावेत.

समजा तुम्ही सुदैवी आहात आणि माणसं खरोखर घरी येणार आहेत. दर किती? १९९ रुपये, फोम-जेट सर्व्हिस, फक्त आज. इथे हिशेब करू नका. दोन माणसं, जेट पंप, पाइप, नाशिकरोडहून गंगापूर रोडपर्यंतचं पेट्रोल, द्वारका चौकात गेलेला वेळ, वर जाहिरातीचा खर्च. एवढं सगळं १९९ मध्ये बसवणारा माणूस एक तर संत असला पाहिजे, नाहीतर त्याची कमाई दुसरीकडे कुठेतरी ठेवलेली असली पाहिजे. रामकुंडाच्या गावात राहून आपण पहिली शक्यता धरून चालतो.

ही युक्ती आपल्याकडचीच आहे असं समजून हळहळू नका. अमेरिकेत घरोघरी भिंतीतून आणि छतातून हवेचे डक्ट फिरवलेले असतात. तिथे ‘अख्ख्या घराचे डक्ट ९९ डॉलरमध्ये साफ’ अशा जाहिराती येतात, आणि माणूस घरात शिरला की त्याला आत बुरशी सापडते. मग बिल फुगत जातं. तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेने, ईपीएने, स्पष्ट म्हटलंय की डक्ट साफ केल्याने आजार टळतात हे कधी सिद्ध झालेलं नाही. बुरशी डोळ्यांना दिसत असेल, उंदीर-झुरळं शिरली असतील किंवा धुळीने डक्ट तुंबले असतील तरच ते काम करावं. तरी लोक करून घेतात. आपल्याकडे दोन-चार बंगले आणि शोरूम सोडले तर डक्ट कुणाकडे आहेत? पण म्हणून नाशिककरांनी मागे राहायचं काय कारण? आपल्याकडे गॅस आहे.

प्रत्यक्ष कार्यक्रम असा होतो. दोन पोरं येतात. एक इनडोअरचं झाकण काढतो, जाळ्या बाहेर काढून तुमच्या तोंडासमोर धरतो आणि म्हणतो, ‘बघा काका, केवढी घाण!’ सिंहस्थाच्या नावाखाली रस्ते उकरलेत, धूळ असणारच. ही जाळी पंधरा दिवसांनी नळाखाली धरून तुम्ही स्वतः धुवायची असते, तिला स्क्रूड्रायव्हरसुद्धा लागत नाही. पण ते कबूल करण्यापेक्षा ‘बापरे!’ म्हणणं सोपं. तेवढ्यात दुसरा बाल्कनीत आउटडोअरला गेज, म्हणजे गॅसचा दाब मोजायचं यंत्र, लावतो. निळी नळी, गोल तबकडी, त्यावर थरथरणारा काटा. ही नळी वॉल्व्हवर अर्धवट आवळली की आतली पिन नीट दबत नाही आणि काटा वर चढतच नाही. पूर्ण आवळून मग थोडी सैल केली की फुस्स आवाज होतो आणि असलेला गॅसही थोडा कमी होतो. या वेळी तुमची जागा बाल्कनीत नाही. स्वयंपाकघरात जा, चहा टाका, साखर किती विचारा.

चहा घेऊन परत आलात की निकाल तयार असतो. ‘काका, गॅस कमी आहे. अठ्ठावीसशे लागतील.’

इथे एक प्रश्न आहे, तो चुकूनही विचारायचा नाही: ‘गेला कुठे?’

कारण एसीतला गॅस स्कूटरच्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांतून तोच तो गॅस फिरत राहतो, आत उष्णता उचलतो, बाहेर टाकतो. तुमच्या फ्रिजमध्येही हाच प्रकार चालतो आणि फ्रिजमध्ये दरवर्षी गॅस भरायला कुणी आलेलं आठवत नाही. गॅस खरोखर कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय, बहुधा जोडाच्या नटापाशी किंवा कॉईलला पडलेल्या बारीक छिद्रातून. ती जागा साबणाच्या फेसाने किंवा नायट्रोजन भरून शोधायची, दुरुस्त करायची, व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल काढायची आणि मग गॅस भरायचा. हे सगळं केलं तर पुढच्या वर्षी त्या पोरांनी यायचं कशाला? गळती तशीच ठेवून वरून टॉप-अप मारला की एप्रिलची भेट पक्की.

गॅस किती भरायचा हेही आउटडोअरच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये छापलेलं असतं आणि वर गॅसचं नावही असतं, आर-३२, आर-४१०ए किंवा जुना असेल तर आर-२२. म्हणजे सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून तोलून भरायची ही वस्तू आहे. लासलगावला कांद्याच्या ट्रॅक्टरमागे वजनातून थोडा कडता, म्हणजे कपात, जास्त धरला तर आपला जिल्हा लिलाव बंद पाडतो. तोच जिल्हा घरी मात्र कुणीतरी डोळे मिचकावून ‘झाला फुल’ म्हटलं की पैसे काढून देतो. द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजचा मालकसुद्धा. युनिटवर तो ऑपरेटरला गॅसचा हिशेब विचारेल, घरी आला की चहा टाकायला जाईल. आणि हो, आर-३२ पेट घेऊ शकतो, त्यात भलता गॅस मिसळणं किंवा नळ्यांत हवा राहू देणं धोक्याचं असतं. स्टिकर वाचू नका हे वेगळं सांगायला नकोच.

गॅसवर भागलं नाही तर ‘पीसीबी गेलाय’, म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेलाय, हे वाक्य येतं. आउटडोअरचा पंखा फिरत नसेल तर पुष्कळदा काहीशे रुपयांचा कपॅसिटर गेलेला असतो, पण कपॅसिटर म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हवी ती भीती येत नाही. काढलेला जुना भाग परत मागू नका. बिलही मागू नका. ‘जीएसटी लावू का? अठरा टक्के वाढतील’ म्हटलं की लगेच हात जोडा. बिल नसलं की जिल्हा ग्राहक आयोगात जायचा किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायचा मोह होत नाही.

यात एकच धोका आहे, तो म्हणजे प्रामाणिक मेकॅनिक. सिडकोत, सातपूरला असे आहेत अजून. असा माणूस ‘येण्याचे पाचशे’ असं फोनवरच सांगतो. येतो, गेज नीट लावतो, दहा मिनिटं एसी चालवून बघतो आणि म्हणतो, ‘गॅस बरोबर आहे. कॉईल चोंदली होती, धुतली. जाळी तुम्हीच धूत जा. आणि एसी अठरावर नका ठेवू, चोवीसवर ठेवा.’ आता आली का पंचाईत? नवीन काही घातलं नाही, फुस्स आवाज नाही, आणि पाचशे रुपये! आपण काय करतो? ‘एवढ्यासाठी पाचशे?’ म्हणून तीनशे टेकवतो आणि पुन्हा त्याला बोलवत नाही. काही केलं असं दाखवणाऱ्याला अठ्ठावीसशे आणि काही करायची गरज नाही असं सांगणाऱ्याला तीनशे, हा आपलाच दर आहे. तो माहीत झाल्यामुळेच त्याच्या हाताखालचा पोरगा गेल्या वर्षी १९९ वाल्यांकडे लागला. मी त्या पोराला दोष देणार नाही.

असो. काम झालं, पैसे क्यूआरवर गेले, खोली थोडी गार वाटायला लागली. ती जाळी धुतल्यामुळे गार झाली की गॅसमुळे, या खोलात शिरू नका. जाताना पोरगा म्हणेल, ‘काका, पाच स्टार द्या ना, नाहीतर आमचे पैसे कापतात.’ द्या. मग सोसायटीच्या ग्रुपवर त्याचा नंबर टाका: ‘माणूस चांगला आहे. न सांगता गॅस चेक केला. माझं नाव सांगा, शंभर कमी करेल.’ खाली तिसऱ्या मजल्यावरच्या काकू विचारतील, ‘आमचाही दरवर्षी संपतो हो, हाच येतो का?’ त्यांना अंगठा दाखवायला विसरू नका.