‘आमचा काही करत नाही’ म्हणण्याआधी

‘घाबरू नका, आमचा काही करत नाही.’ हे वाक्य कोथरूडच्या सोसायटीत जितकं ऐकू येतं तितकंच टोरांटोच्या हाय पार्कमध्येही ऐकू येतं, भाषा तेवढी बदलते. खरा फरक दिसतो तो त्या ‘काही न करणाऱ्या’ कुत्र्याने दुसऱ्याच्या कुत्र्याचा कान फाडल्यावर. टोरांटोत पुढचा प्रश्न असतो, डॉक्टरचं बिल कोण भरणार, आणि त्याचं उत्तर कायद्यात लिहिलेलं आहे. आपल्याकडे पुढचा प्रश्न असतो, सोसायटीत कुत्री पाळायचीच कशाला. मग ग्रुपवर दोन तट पडतात आणि जखमी जनावराचा मालक इंजेक्शनांचे पैसे स्वतःच्या खिशातून भरून गप्प बसतो.

भारतातला हा वाद इथे टोरांटोत बसून रोज वाचायला मिळतो. मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जातींच्या कुत्र्यांवर बंदी घालायला सांगणारं पत्रक काढलं, ते पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द केलं. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. अकरा दिवसांनी तो आदेश बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री होती तिथे परत सोडायची, पिसाळलेली आणि आक्रमक तेवढी वगळून. नोव्हेंबरात शाळा, इस्पितळं, बस आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातून कुत्री हटवण्याचा आदेश आला. या सगळ्या गदारोळात श्वानप्रेमी आणि श्वानविरोधक यांच्यात तुंबळ झाली. पण एका पाळलेल्या कुत्र्याने दुसऱ्या पाळलेल्या कुत्र्याला जखमी केलं तर कोणाचं काय देणं लागतं, हा रोजचा प्रश्न तसाच राहिला. पुण्या-मुंबईच्या नव्या गृहसंकुलांत आता ‘पेट पार्क’ नावाचा, कुत्री मोकळी सोडण्यासाठी कुंपण घातलेला तुकडा असतो, म्हणून या प्रश्नाचं उत्तर आता हवं.

टोरांटो ज्यात येतं त्या कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात यासाठी ‘डॉग ओनर्स लायबिलिटी अ‍ॅक्ट’, म्हणजे कुत्र्याच्या मालकाची जबाबदारी ठरवणारा कायदा आहे. कुत्रा माणसाला किंवा पाळीव जनावराला चावला किंवा त्याने हल्ला केला, तर नुकसानभरपाई मालकाने द्यायची. त्याला कुत्र्याचा स्वभाव आधी माहीत होता का, त्याची काही चूक होती का, हे सिद्ध करायची गरज नाही. ‘पहिल्यांदाच असं वागला हो’ हा बचाव चालत नाही. मालक या शब्दात, कुत्रा ज्याच्या ताब्यात आहे तोही येतो. म्हणजे पैसे घेऊन सहा कुत्री फिरवणारा माणूसही सुटत नाही. (टोरांटोत सहा कुत्री नेण्यासाठी महापालिकेचा व्यावसायिक परवाना लागतो, बाकीच्यांना तिनाची मर्यादा.) त्याच कलमात दुसरी बाजूही आहे. ज्याचं नुकसान झालं त्याची स्वतःची चूक असेल, तर न्यायालय तेवढ्या प्रमाणात भरपाई कमी करतं. चार किलोचं पॉमेरेनियन मोठ्या कुत्र्यांच्या भागात आणलं, खिशात चिकनचे तुकडे ठेवले आणि नजर फोनवर होती, तर त्याचा हिशेब होतो.

मला या रचनेतलं हेच पटतं. आधी पैसे कोणी द्यायचे ते ठरलेलं, दोषाची वाटणी त्यानंतर. त्यामुळे मालक पार्कात शिरतानाच सावध असतो.

कायदा निर्दोष आहे असं मात्र नाही. याच कायद्यात २००५ साली पिटबुलवर बंदी घातली गेली, आणि जात बघून धोका ठरवण्याची ही चूक आपल्या २३ जातींच्या पत्रकाइतकीच मोठी होती. शिवाय कायदा चावा आणि हल्ला यांबद्दल बोलतो. धावताना दोन कुत्री एकमेकांवर आदळून एकाच्या गुडघ्यातला अस्थिबंध (लिगामेंट) तुटला, तर तिथे निष्काळजीपणा दाखवावा लागतो, आणि ते अवघड जातं. अशी धडक मोकळ्या मैदानात अगदी नेहमीची असते.

आता मैदानाकडे जवळून बघू, कारण बरीचशी भांडणं फाटकाशीच होतात. नीट बांधलेल्या पार्काला दोन फाटकं असतात, मध्ये दोन-तीन माणसं उभी राहतील एवढी जागा. बाहेरचं फाटक बंद करायचं, तिथेच लीश (हातात धरायची दोरी) काढायची, मग आतलं उघडायचं. लीश लावूनच कुत्रा आत नेला तर तो एकटा बांधलेला आणि बाकीचे मोकळे अशी स्थिती होते. त्याला पळता येत नाही, मान वळवून बाजूने हुंगायची कुत्र्यांची रीत पाळता येत नाही, म्हणून तो दात दाखवतो. आतली कुत्री नवा आला की फाटकावर गर्दी करतात. अशा वेळी आधीच्या मालकांनी आपापली कुत्री हाक मारून मागे घ्यायची असतात. ती येत नसतील, तर ती कुत्री मोकळी सोडण्याइतकी तयार झालेलीच नाहीत. हाक मारल्यावर चेंडू सोडून परत येणं ही मोकळ्या पार्काची किमान पात्रता आहे.

काटेरी पट्टा, गळा आवळणारी साखळी, दोन्ही आत नको. खेळताना कुत्री एकमेकांची मान तोंडात धरतात. तेव्हा एकाचा खालचा जबडा दुसऱ्याच्या पट्ट्यात अडकला की तो घाबरून गोल फिरतो, पट्ट्याला पीळ बसतो आणि दुसऱ्याचा श्वास कोंडतो. बघणाऱ्याला वाटतं मारामारी चालली आहे, म्हणून तो ओढतो, आणि पीळ आणखी घट्ट होतो. साधा, चपटा, झटकन सुटणाऱ्या बकलचा पट्टा असला तर अडकलेल्या कुत्र्याला दुसऱ्याभोवती उलटं फिरवून बकल सोडता येतं. ते जमलं नाही तर पट्टा कापायचा. म्हणून खिशात कात्री ठेवा.

लहान कुत्र्यांचा भाग वेगळा असावा, साधारण नऊ-दहा किलोंच्या आतल्यांसाठी. मोठा कुत्रा पाठलाग करता करता किंकाळणाऱ्या लहान कुत्र्याला शिकार समजू लागतो. त्यात राग नसतो, म्हणून आधी गुरगुरणंही नसतं. मालकाला म्हणूनच खरंच वाटत राहतं की आपला प्रेमळ आहे. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

जुंपलीच तर मध्ये हात घालू नका. पट्ट्याकडे गेलेला हात हमखास चावला जातो. दोन माणसं असतील तर दोघांनी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय मांडीपाशी धरून उचलायचे आणि हातगाडीसारखं मागे चालत जायचं. एकाने पकड घेतलेली असेल तर खेचू नका. दातांची जखम खेचण्याने फाटते. पाणी, मोठा आवाज, अंगावर टाकलेलं जाकीट, मधे सारलेली फळी, हे आधी वापरायचं.

चाव्याची जखम फसवी असते. वरून दोन छिद्रं दिसतात, तांदळाच्या दाण्याएवढी. आत मात्र सुळ्याने कातडी मांसापासून सुटून पोकळी झालेली असते, आणि तोंडातले जंतू त्या पोकळीत बंद होतात. मोठ्या कुत्र्याने लहान कुत्र्याला उचलून झटकलं असेल तर बरगड्या मोडलेल्या आणि फुप्फुसाला मार लागलेला असू शकतो, तेही कातडीवर खरचटा नसताना. म्हणून छाती किंवा पोटावर पकड होती असं कोणी सांगितलं की एक्स-रे लागतोच. घरी करायचं ते एवढंच: वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड दाबून धरा, जमल्यास सलाईनने धुवा, हिरड्यांचा रंग बघा. हिरड्या पांढुरक्या असतील किंवा शांत बसूनही श्वास जोरजोरात चालत असेल, तर थेट डॉक्टरकडे. हायड्रोजन पेरॉक्साइड नको, त्याने जिवंत पेशीही मरतात. हळद भरू नका, जखम बुजते आणि निचरा थांबतो. आपली आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल तर मुळीच देऊ नका, पहिली कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंड बिघडवते, दुसरी यकृत. जखम किरकोळ वाटली तरी त्याच दिवशी दाखवावी. पू आणि ताप दिसायला दोन-तीन दिवस जातात, आणि तोवर साध्या धुलाईचं काम भूल देऊन निचऱ्याची नळी बसवण्यापर्यंत पोचतं. बिल फुगतं ते या उशिराने. रेबीजची लस झालेली असली तरी चावा बसल्यावर बूस्टरचं डॉक्टरांना विचारा.

टोरांटोत याच वेळी दुसऱ्या मालकाचं नाव, फोन, कुत्र्याच्या परवान्याचा बिल्ला क्रमांक, दोन साक्षीदार आणि जखमेचे केस कापण्याआधीचे व नंतरचे फोटो घेतले जातात. ३११ या महापालिकेच्या फोन क्रमांकावर तक्रार केली की प्राणी विभाग चौकशी करतो. हल्ला गंभीर असेल तर ‘धोकादायक कुत्रा’ असा आदेश निघतो: सार्वजनिक ठिकाणी कायम मुसकी, घरावर फलक, मोकळ्या पार्कात बंदी. पैशांसाठी लघुवाद न्यायालय. त्याची मर्यादा ऑक्टोबर २०२५ पासून ५० हजार डॉलर झाली आहे, दावा साधारणपणे दोन वर्षांत करायचा. बहुतेक प्रकरणं तिथवर जात नाहीत, कारण समोरच्याला निकाल आधीच माहीत असतो.

आपल्याकडे काय आहे? भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ जनावराबाबतच्या निष्काळजीपणाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड सांगतं, पण ते माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीला असलेल्या धोक्यापुरतं. कलम ३२५ जनावराला मारण्या-जायबंदी करण्याबद्दल आहे, पण तिथे हेतू किंवा जाणीव लागते. फटफटीखाली कुत्रा मेल्याच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं की बेदरकार वाहन चालवून इजा केल्याची कलमं माणसांसाठी आहेत. वरळीतल्या एका इमारतीत २०१८ साली लिफ्टमध्ये कुत्रा चावल्याबद्दल मालकाला मे २०२५ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. चावला गेला होता तो माणूस, आणि निकालाला सात वर्षं लागली. कुत्र्याने कुत्र्याला चावलं तर उरतो दिवाणी दावा, निष्काळजीपणा सिद्ध करून. पंधरा-वीस हजारांच्या बिलासाठी तो कोण लढणार?

कायदा बदलेपर्यंत थांबायचं कारण नाही. सोसायटीचं पार्क ही खाजगी जागा आहे, तिथल्या प्रवेशाला अट घालता येते, आणि सही केलेली अट हा करार असतो. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी करता येत नाही, सरसकट मुसकीची सक्ती करता येत नाही. पण कुंपणाच्या आत मोकळं सोडण्याची सोय कोणत्या अटीवर द्यायची, हे ठरवणं म्हणजे पाळायला बंदी नव्हे. अर्ज एका पानाचा पुरे. त्यात महापालिकेचा परवाना, रेबीज आणि डीएचपीपीएल (कुत्र्यांच्या इतर आजारांवरची एकत्रित) लसीच्या तारखा, नसबंदी झाली का, आणि हाक मारल्यावर परत येतो का हे समितीसमोर एकदा दाखवणं. मग मुख्य ओळ: ‘माझ्या कुत्र्याने दुसऱ्या कुत्र्याला चावून जखमी केल्यास, चूक कोणाची हे न बघता, पहिल्या तपासणीचं आणि उपचाराचं बिल मी सात दिवसांत भरीन, जखमी कुत्र्याच्या मालकाने नियम मोडला होता असं समितीला आढळल्यास त्या प्रमाणात रक्कम परत मिळेल.’ सोबत दोन-तीन हजारांची अनामत, फाटकाशी एक नोंदवही, आणि दुसऱ्या घटनेनंतर त्या कुत्र्याला मोकळं सोडणं बंद.

दुसरं फाटक नसेल तर ते आधी बसवा. एका फाटकाच्या पार्कातून कुत्रा रस्त्यावर सुटला, तर त्या पानावरच्या कोणाच्याही सहीचा उपयोग होणार नाही.