तीन ओळींचं फंक्शन आणि ‘आता काळजी मिटली’

पीएचपी (वेबसाइटच्या सर्व्हरवर चालणारी प्रोग्रामिंग भाषा) शिकणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक तयार फंक्शन वर्षानुवर्षं फिरतंय. ट्रिम (कडेच्या मोकळ्या जागा काढतं), स्ट्रिपस्लॅशेस (बॅकस्लॅश काढतं), एचटीएमएलस्पेशलचार्स (कोनी कंस, अवतरणचिन्हं अशी एचटीएमएलमधली खास चिन्हं निरुपद्रवी रूपात बदलतं), बस्स. सोबत दावा असा: फॉर्मचं प्रत्येक फील्ड यातून काढा, एसक्यूएल इंजेक्शन (फॉर्ममधून डेटाबेसला भलताच हुकूम घुसवणं) आणि एक्सएसएस (पानात परका स्क्रिप्ट घुसवणं) दोन्हींची काळजी मिटली. लांबीबिंबी ब्राउझर बघतोच, आणि ड्रॉपडाउन, हिडन (पानावर न दिसणारी) फील्ड तपासायलाच नकोत, कारण तिथे कोणी टाइप करत नाही.

आधी इंजेक्शन. क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात, ‘आयडी =’ च्या पुढे व्हेरिएबल थेट जोडलंय, अवतरणचिन्हांशिवाय. फॉर्ममधून आलं ‘७ ऑर १=१’ (अंक अर्थातच इंग्रजी). यात ना अवतरणचिन्ह, ना कोनी कंस, ना बॅकस्लॅश. तिन्ही फंक्शनांना कामच उरत नाही आणि १=१ नेहमीच खरं असल्याने एका ओळीऐवजी अख्खं टेबल बाहेर येतं. बरं, अवतरणचिन्हं घातली तरी पीएचपी ८.१ च्या आधी एचटीएमएलस्पेशलचार्स वेगळा फ्लॅग (जादा सूचना) दिल्याशिवाय एकेरी अवतरणचिन्हाला हातच लावत नसे. इथे प्रिपेअर्ड स्टेटमेंटच हवं: क्वेरी वेगळी पाठवायची, भरलेली माहिती वेगळी.

स्ट्रिपस्लॅशेसची गंमत वेगळीच. जुन्या पीएचपीत मॅजिक कोट्स नावाची सोय आलेल्या मजकुरात आपणहून बॅकस्लॅश घालायची. ते काढायला हे लागे. २०१२ साली आलेल्या ५.४ मध्ये ती सोय काढूनच टाकली. म्हणजे सगळं इनपुट एकाच चाळणीतून काढायचा प्रयोग खुद्द पीएचपीने करून सोडलाय. सुंभ जळाला, पीळ मात्र कॉपी-पेस्ट होत राहिला. आज ते फक्त खरेखुरे बॅकस्लॅश खातं.

एचटीएमएलस्पेशलचार्स हवंच, पण पानावर छापताना. साठवतानाच लावलं की ‘पाटील & सन्स’चं डेटाबेसमध्ये ‘पाटील &एएमपी; सन्स’ होतं, आणि एसएमएस, एक्सेल, पावती, सगळीकडे तेच ध्यान उमटतं.

आता हिडन फील्ड. एका ट्रेकिंग ग्रुपचा नोंदणी फॉर्म माझ्याकडे दुरुस्तीला आला होता. शुल्क हिडन फील्डमध्ये, १८००. ‘इन्स्पेक्ट’ उघडून तिथे १ लिहिला, सबमिट दाबलं. एक रुपयाची पावती हजर! ड्रॉपडाउनचंही तेच. कर्लने (ब्राउझरशिवाय विनंती पाठवणाऱ्या साधनाने) विनंती पाठवणाऱ्याला तर तुमचा फॉर्म दिसतही नाही, मग रिक्वायर्ड (भरणं सक्तीचं) आणि मॅक्सलेंग्थ (लांबीची मर्यादा) हे ब्राउझरचे नियम कुठले? ते भरणाऱ्याच्या सोयीसाठी असतात. शुल्क सर्व्हरनेच आपल्या टेबलातून काढायचं.

सर्व्हरवर तपासणी लिहायला बसलात की मराठी आडवी येते, आणि त्याबद्दल हे फंक्शन अवाक्षर काढत नाही. ‘विठ्ठल’ची लांबी एसटीआरलेनला (बाइट मोजणारं फंक्शन) विचारा, १८ सांगेल, कारण यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं. चिन्हं मोजणारं एमबी_एसटीआरलेन ६ सांगतं. नावासाठी रेगेक्समध्ये (मजकुराचा नमुना तपासायचा नियम) युनिकोडचा फक्त ‘अक्षर’ हा गट मागितलात, तर वेलांटी आणि हलन्त त्यात बसत नाहीत आणि विठ्ठलरावांना ‘कृपया योग्य नाव भरा’ असं ऐकावं लागतं. खुणांचा गटही जोडावा लागतो. पिनकोड कोणी ४११०३० असा देवनागरीत भरला की मजकुराचा आकडा करणारं इंटव्हॅल शांतपणे शून्य देतं, एररही नाही. म्हणून आधी अंक बदलून घ्यायचे, मग सहा आहेत का ते बघायचं.

त्या तीन ओळींतलं ट्रिम मी ठेवतो. तेही नॉन-ब्रेकिंग स्पेस (ओळ न तोडणारी, साध्या स्पेससारखीच दिसणारी मोकळी जागा) काढत नाही.