आठव्या नंबरचा एक पॉइंट

आपल्या क्लबला पोहण्याच्या राष्ट्रीय स्पर्धेत टीम चॅम्पियनशिप मिळाली हे एव्हाना सगळ्यांना कळलंय. काल रात्रीपासून फोन थांबत नाहीये, मेसेज येतायत, खूप खूप छान वाटतंय, सगळ्यांना मनापासून थँक्यू. पण आज सकाळपासून जो भेटतो त्याचा एकच प्रश्न, "गोल्ड किती?" आणि मी आकडा सांगितला की लगेच चेहरा पडतो. "एवढीच? मग चॅम्पियन कसे काय झालात?" आणि दुपारी पालकांच्या ग्रुपवर एकांनी चक्क लिहिलं की दोन-तीन जणांनी मेडलं आणली, बाकीची पोरं नुसती फिरून आली.

हे वाचलं आणि माझं डोकं सटकलं. म्हणून लिहितेय. लांबलचक होणार आहे, घाई असेल त्यांनी पुढे जा.

टीम चॅम्पियनशिप पॉइंटवर मिळते हो. फायनलला पोचलेल्या आठही जणांना पॉइंट असतात. पहिल्याला सगळ्यात जास्त, मग कमी कमी होत आठव्याला एक. रिलेला डबल. प्रत्येक इव्हेंटला हे पॉइंट क्लबच्या खात्यात जमा होत राहतात आणि शेवटच्या दिवशी शेवटची रिले संपली की बेरीज होते. आपल्यापेक्षा जास्त गोल्ड दुसऱ्या नंबरच्या क्लबकडे होती. तरी ट्रॉफी आपण आणली, कारण आपली पोरं पाचवी आली, सहावी आली, आठवी आली, आणि असल्या इव्हेंटमध्ये आली जिथे मोठ्या क्लबांनी फारसं कुणाला उतरवलं नव्हतं. चारशे आयएम (एकाच शर्यतीत चारही स्ट्रोक), पंधराशे फ्रीस्टाइल, आणि दोनशे बटरफ्लाय.

दोनशे बटरफ्लायचंच सांगते, कारण ते माझ्या डोळ्यासमोरून हलत नाहीये. एन्ट्री भरायच्या दिवशी सरांनी विचारलं, मुलींमध्ये दोनशे फ्लाय कोण पोहेल? सगळ्या गप्प. ज्यांनी कधी बटरफ्लाय मारलाय त्यांना कळेल का गप्प. पन्नास मीटर छान दिसतो, शंभर जमतो, आणि दोनशेला तिसऱ्या पन्नासमध्ये शरीर साथ सोडतं. तर एका मुलीने हात वर केला. नाव नाही लिहीत, तिला आवडणार नाही, पण क्लबातल्या सगळ्यांना कळलंच असेल. ही मुलगी मूळची बॅकस्ट्रोकची. "काकू, कुणीतरी पोहायलाच हवं ना," एवढंच म्हणाली मला नंतर. फायनलला आली ती आठवी, म्हणजे शेवटची शिरून. आठवी आली की लेन पण आठवी मिळते, अगदी कडेची, तलावाच्या भिंतीला लागून.

बरं, कडेच्या लेनला कमी समजणाऱ्यांसाठी एक सांगते. टोकियो ऑलिम्पिकच्या चारशे फ्रीस्टाइलला ट्युनिशियाचा अहमद हफनावी आठव्या लेनमधून पोहला, फायनलला आलेल्यांत सगळ्यात स्लो टायमिंग त्याचंच होतं, वय 18, आणि 3:43.36 ला गोल्ड घेऊन गेला. माहीत आहे, असं रोज होत नाही. आपल्या मुलीचंही तसं काही झालं नाही. ती आठवी आली.

पण कशी आठवी आली ते बघायला हवं होतं. पहिले शंभर मीटर मस्त, लयीत. तिसऱ्या पन्नासला स्ट्रोक तोकडा व्हायला लागला. शेवटच्या पंधरा मीटरला हात पाण्याबाहेर येत नव्हते, अक्षरशः ओढून काढत होती. आणि बटरफ्लायला असं चालत नाही की कसंबसं पोचलं आणि एका हाताने भिंत धरली. दोन्ही हात एकाच वेळी लागले पाहिजेत, नाहीतर डीक्यू, म्हणजे बाद. लेनच्या टोकाला जज वाकून तेच बघत उभ्या असतात. बाकीच्या सात जणी पोचल्या होत्या, टाळ्या वाजवून झाल्या होत्या, लोक पुढच्या इव्हेंटची शीट बघायला लागले होते. आणि हिने त्या अवस्थेतही दोन्ही हात एकत्र नेऊन टच केला. नीट, नियमात. क्लबला एक पॉइंट.

फिरून आली म्हणे!!

आता मोठ्यांचं उदाहरण घ्या. मायकेल फेल्प्सची बीजिंगची 8 गोल्ड शेंबड्या पोरालाही पाठ आहेत. त्यातली तीन रिलेची आहेत हे किती जणांना आठवतं? 2008 च्या चार बाय शंभर फ्रीस्टाइल रिलेत फ्रान्स पुढे होतं, आणि शेवटच्या लेगला जेसन लेझाकने ते अंतर खाल्लं, आपले शंभर मीटर 46.06 सेकंदांत मारले आणि अमेरिका सेकंदाच्या फक्त आठ शतांशाने जिंकली. लेझाक तसा पोहला नसता तर आठची सात झाली असती. आणि त्याच्याही आधी, हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, अमेरिकेची जी टीम उतरली तिच्यात ना फेल्प्स होता ना लेझाक. त्या चौघांनी हीटलाच वर्ल्ड रेकॉर्ड मारला, आणि त्यातल्या तिघांना फायनलला बाहेर बसवलं. तिघांनाही गोल्ड मिळालं, कारण ऑलिम्पिकला हीट पोहणाऱ्यालाही मेडल देतात. सांगा बरं त्यांची नावं. नाही येत ना? मग आपल्या रिलेच्या हीट पोहलेल्या पोरांची नावं आपल्याला माहीत नाहीत यात नवल काय.

आपली तीच मुलगी दोनशे फ्लायनंतर तासाभरात रिलेची हीट पोहली, बरं का. वॉर्मडाऊनला जेमतेम वेळ. कॉल रूमकडे, म्हणजे शर्यतीआधी पोरांना जमवतात तिकडे, जाताना मला दिसली तेव्हा डोळ्यांभोवती गॉगलचे लाल वळ तसेच होते, आणि हातावर स्केचपेनने आखलेला तो तक्ता, इव्हेंट, हीट, लेन. सगळी पोहणारी पोरं लिहितात तसा. तिच्या हातावर कोपरापर्यंत रांगा होत्या. काही पुसट झालेल्या, त्यावरून परत गिरवलेल्या. एका स्पर्धेत इतक्या इव्हेंटला उतरलेली पोरगी, आणि फायनलला रिलेत तिच्या जागी दुसरी गेली. बरोबरच गेली, ती जास्त फास्ट आहे. पण हीटमध्ये हिचा टेकओव्हर चुकला असता, हिच्या आधी पोहणारीचा हात भिंतीला लागायच्या आत हिचे पाय ब्लॉकवरून सुटले असते, तर अख्खी टीम बाद. मग फायनलच नाही आणि ते डबल पॉइंटही नाहीत.

हे मान्य आहे की गोल्ड आणणारी पोरं नसती तर आपण पहिल्या पाचातही नसतो. त्यांचा फोटो पहिल्या पानावर यायलाच हवा, ती पोरं पहाटे अंधारात टँकवर येतात, मी रोज बघते. त्यांच्याबद्दल एक अक्षर वाकडं लिहायचं नाहीये मला. पण फ्लेक्सवर फक्त तीनच चेहरे? आणि खाली "आदींनी यश मिळवले"? या "आदी"ची मला चीड आहे. आदीमध्ये कोण कोण असतं हो? आदीला आई-वडील नाहीत का?

आणि ही पोरं सराव कुठे करतात तेही बोला की कधी. आपला टँक पंचवीस मीटरचा. नॅशनल पन्नास मीटरच्या टँकमध्ये. दोनशे मीटरला इथे सात टर्न मिळतात, तिथे तीनच. दर टर्नला भिंतीला लाथ मारून जो फुकटचा वेग मिळतो, क्षणभर हातांना विसावा मिळतो, तो तिथे निम्म्याहून कमी. म्हणजे आपली पोरं जिथे भिंतीची सवय करून बसलीत तिथे त्यांना अर्ध्या तलावात नुसतं पोहत राहावं लागतं. सुरिनामसारख्या देशात पन्नास मीटरचा एकच तलाव होता, तिथला अँथनी नेस्टी 1988 च्या सोल ऑलिम्पिकला आला आणि शंभर बटरफ्लायला अमेरिकेच्या मॅट बिऑन्डीला एका शतांशाने हरवून गेला, 53.00 आणि 53.01. हे आठवलं की उभारी येते. पण दर वेळी एखादा नेस्टी निपजेल म्हणून तलाव न बांधता बसून राहायचं का? नाही ना. तलावाचं नंतर सविस्तर लिहीन, आत्ता तो विषय काढला तर रात्र जाईल.

लिहिता लिहिता राग जरा शांत झालाय. ग्रुपवर ज्यांनी लिहिलं त्यांनाही मी ओळखते, वाईट माणूस नाहीत, त्यांची मुलगी लहान बॅचला आहे आणि त्यांनी अजून एकही मोठी मीट बसून बघितलेली नाही. एकदा या. सकाळच्या हीटपासून बसा. दुपारी स्टँडमध्ये कुणी नसतं तेव्हा पंधराशे मीटर पोहणाऱ्या पोरांसाठी ओरडा, घसा बसेपर्यंत. तलावाच्या कडेला सर शिट्ट्या मारत लेनच्या बाजूने चालत असतात ते बघा.

त्या दोनशे फ्लायनंतर काय झालं ते राहिलंच. तिला तलावाबाहेर येता येईना. कडेला हात टेकले, वर उचलायला दंडात जोरच नव्हता. शेजारच्या सातव्या लेनची मुलगी, आपल्याशी चुरस असलेल्या क्लबची, ती आधीच बाहेर आलेली होती. ती परत वळली, खाली बसली, हिच्या दोन्ही मनगटांना धरून वर ओढलं. दोघी तिथेच ओल्या फरशीवर बसून हसत होत्या. मला स्टँडमधून काही ऐकू आलं नाही, पण हसत होत्या एवढं दिसलं.

तर रविवारी सत्कार आहे. सरांशी बोलले आहे, ते हो म्हणालेत. स्टेजवर मेडलवाल्यांच्या आधी अख्ख्या टीमची नावं वाचली जाणार, प्रत्येक नावापुढे इव्हेंट, टायमिंग आणि क्लबला मिळालेले पॉइंट. ज्यांना पॉइंट मिळाला नाही पण आपलं बेस्ट टायमिंग मोडलं त्यांचंही. आदी-बिदी काही नाही. यादी मी टाइप करतेय, वैयक्तिक इव्हेंट झालेत, रिलेच्या हीट पोहलेल्या मुलामुलींची नावं अर्धवट आहेत कारण निकालाच्या शीटवर फायनलचीच टीम छापलीय. ज्यांच्याकडे हीटच्या शीटचे फोटो असतील त्यांनी आज रात्रीच मला पाठवा. मुलामुलींची मिक्स्ड मेडले रिले आणि छोट्या गटाची फ्रीस्टाइल रिले, या दोन्ही नक्की हव्यात.