शेवटचे पंधरा सेकंद त्या पोराचे

७ ऑक्टोबर २०२३ची मियामी विरुद्ध जॉर्जिया टेक ही अमेरिकन कॉलेज फुटबॉलची मॅच आठवली की मला अजून राग येतो. खरं तर मी अटलांटात राहते, म्हणजे जिंकणारा संघ आमच्या गावचा. तरीही येतो.

मियामी २०-१७ ने पुढे होती, चेंडू त्यांच्याच हातात. घड्याळात जेमतेम अर्धं मिनिट उरलेलं आणि टेककडे घड्याळ थांबवायला एकही टाइमआउट शिल्लक नाही. क्वार्टरबॅकने, म्हणजे संघाचा खेळ चालवणाऱ्या खेळाडूने, चेंडू घेऊन नुसता गुडघा टेकला असता तर मॅच तिथेच संपली असती, कारण पुढचा प्ले (चाल) सुरू करायला ४० सेकंद मिळतात आणि तेवढा वेळच उरला नव्हता. पण साइडलाइनवरून, म्हणजे मैदानाबाहेरच्या प्रशिक्षकांकडून, धावण्याचा प्ले आला. रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा पोरगा, धावला, गर्दीत चेंडू हातातून सुटला, तो टेकला मिळाला. पुढच्या काही क्षणांत टेकने ७४ यार्ड पार केले आणि शेवटच्या ४४ यार्डांच्या पासवर टचडाउन झालं, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या रेषेपार गेला, तेव्हा घड्याळात १ सेकंद होता. २३-२०.

त्या रात्री माझ्या ओळखीतली शहाणीसुरती माणसं त्या रनिंग बॅकला शिव्या देत होती. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्याला धाव म्हणून सांगितलं, तो धावला. मियामीचे प्रशिक्षक मारिओ क्रिस्तोबाल यांनी नंतर चूक स्वतःकडे घेतली, ते बरं केलं. पण कॉलेज फुटबॉल बघणाऱ्या आपल्यासारख्यांना एक साधा फरक अजून करता येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. प्ले निवडणं हा एक निर्णय आणि मैदानात तो प्ले खेळताना घेतलेला निर्णय हा दुसरा. पहिला पन्नाशीतल्या, भरपूर पगार घेणाऱ्या माणसाचा असतो. दुसरा १९-२० वर्षांच्या विद्यार्थ्याचा. आपण दोन्हींचं बिल त्या विद्यार्थ्याच्या नावावर फाडतो.

ज्यांनी हा खेळ फारसा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. प्रत्येक प्रयत्नाआधी कोऑर्डिनेटर, म्हणजे सहप्रशिक्षक, प्ले निवडतो आणि तो क्वार्टरबॅकपर्यंत पोचवतो. वर्षानुवर्षं हे काम हातवारे आणि चित्रांच्या मोठाल्या पाट्यांवर चालायचं. २०२४पासून वरच्या श्रेणीच्या कॉलेजांत हेल्मेटमध्ये रेडिओला परवानगी मिळाली, पण प्ले क्लॉकवर, म्हणजे त्या ४० सेकंदांच्या घड्याळावर, १५ सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. मला हा नियम मनापासून आवडतो. कारण नेमक्या त्याच वेळी समोरचा बचाव आपला खरा चेहरा दाखवायला लागतो. कोण मागे सरकतंय, कोण रेषेकडे झुकतोय, कोण नुसती हूल देतोय, हे त्या पंधरा सेकंदांत एकट्याने वाचायचं असतं. चेंडू हातात आल्यावर तर अडीच-तीन सेकंदच मिळतात.

मी शाळेत असताना इस्लामपूरला कबड्डी खेळायचे. चढाईला गेले की बाई बाहेरून जीव तोडून ओरडायच्या, "बोनस घे, बोनस!" पण डावा कोपरारक्षक पाऊलभर पुढे सरकलाय हे बाईंना बाहेरून दिसायचं नाही, मला दिसायचं. बाईंचं सांगणं चुकीचं नसायचं, ते फक्त एक श्वास जुनं असायचं. माझ्या मुलाने मला पहिल्यांदा झोन रीड हा फुटबॉलमधला डाव समजावला तेव्हा मला लगेच त्या चढाया आठवल्या.

झोन रीड मला अजूनही या खेळातली सर्वात सुंदर कल्पना वाटते. १९९०च्या दशकात वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्लेनव्हिल स्टेट या लहानशा कॉलेजात प्रशिक्षक रिच रॉड्रिगेझ यांनी ती घडवली. कडेच्या एका बचावपटूला मुद्दाम कोणीही अडवायचं नाही. क्वार्टरबॅक चेंडू रनिंग बॅकच्या पोटाशी धरतो, पण सोडत नाही, आणि त्या मोकळ्या बचावपटूकडे बघतो. तो रनिंग बॅकच्या मागे लागला तर चेंडू काढून घेऊन स्वतः पळायचं. तो जागेवर थांबला तर चेंडू देऊन टाकायचा. प्ले निवडणाऱ्याने इथे उत्तर दिलेलं नसतं, त्याने प्रश्न नीट मांडलेला असतो. माझ्या मते चांगलं प्ले कॉलिंग ते हेच.

तरी कधीकधी सांगितलेलं सोडूनही द्यावं लागतं. ४ जानेवारी २००६, रोझ बोल ही राष्ट्रीय अजिंक्यपदाची मॅच. टेक्सस यूएससीच्या (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) मागे, चौथा प्रयत्न, पाच यार्ड हवेत, टचडाउनची रेषा आठ यार्डांवर. प्ले पासचा होता. टेक्ससचा क्वार्टरबॅक विन्स यंगने पाहिलं, कोणी मोकळं नाही, उजवी बाजू मात्र उघडी पडलीय. तो धावत सुटला तो थेट कोपऱ्यात पोचला. १९ सेकंद उरले होते. टेक्सस ४१, यूएससी ३८. त्याआधी यूएससीचे प्रशिक्षक पीट कॅरोल यांनी चौथ्या प्रयत्नावर दोन यार्डांसाठी धावायचं ठरवलं आणि ते अडवले गेले, यावर लोक अजून भांडतात. मला तो निर्णय बरोबरच वाटतो. दोन यार्ड मिळाले असते तर विन्स यंगच्या हाती चेंडू जवळपास गेलाच नसता, आणि त्या रात्री एवढं एकच टाळायला हवं होतं. निकाल उलटा लागला म्हणून विचार चुकीचा ठरत नाही.

आता आमच्या घरातली जखम. ८ जानेवारी २०१८, अटलांटातच, राष्ट्रीय अजिंक्यपदाची मॅच. मुलगा जॉर्जिया विद्यापीठाचा (जॉर्जिया टेक वेगळी) कट्टर चाहता. मध्यंतराला जॉर्जिया १३-० ने पुढे. अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन यांनी आपला क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सला बाहेर बसवलं. सुरुवातीपासून खेळलेल्या मॅचेसमध्ये त्याच्या नावावर २५ विजय आणि फक्त २ पराभव होते. त्याच्या जागी आला पहिल्या वर्षाचा तुआ टॅगोवायलोआ. मॅच २०-२० वरून जादा वेळेत गेली, जॉर्जियाने ५१ यार्डांवरून किक मारून २३ केले. मग तुआने घोळ घातला. चेंडू फेकून द्यायचा तो धरून ठेवला आणि १६ यार्ड मागे जाऊन पडला. दुसरा प्रयत्न, २६ यार्ड हवेत. आमच्या घरात नाचायला सुरुवात झाली होती.

पुढचा प्ले अगदी साधा. चौघांनी सरळ खोल धावायचं. समोरच्यांचे मागे दोन सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागचे बचावपटू, प्रत्येकाकडे अर्धं मैदान. प्ले कॉल इथे संपला. तुआने आधी उजवीकडे पाहिलं, नुसतं पाहत राहिला. डावीकडचा सेफ्टी त्या नजरेला बांधला जाऊन मध्येच रेंगाळला. मग तुआ वळला आणि डाव्या कडेने धावणाऱ्या डेव्हॉन्टा स्मिथला ४१ यार्डांचा पास दिला. २६-२३, खेळ संपला. आधीच्या प्लेमध्ये तोंडावर आपटलेलं पोर लगेच पुढच्या प्लेला इतकं शांत राहून डोळ्यांनी खोटं बोलू शकतं, हे कुठल्या पाटीवर लिहून पाठवणार?

मुलगा त्या रात्री जेवला नाही. मी मात्र मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या हर्ट्सकडे बघत होते. तो उड्या मारत होता.

त्याच वर्षी १ डिसेंबरला तेच स्टेडियम, तोच जॉर्जिया. या वेळी घोटा दुखावून तुआ बाहेर गेला आणि चौथ्या क्वार्टरमध्ये हर्ट्स आत आला. संघ मागे होता, त्याने २८-२८ केली. तेव्हा जॉर्जियाचे प्रशिक्षक कर्बी स्मार्ट यांनी मैदानाच्या मध्यावर, चौथ्या प्रयत्नावर, ११ यार्ड हवे असताना पंट करतोय, म्हणजे चेंडू लाथेने लांब टोलवतोय, असं भासवून चेंडू पहिल्या वर्षाच्या जस्टिन फील्ड्सकडे दिला. त्याला वाटच नव्हती. मुलगा "फील्ड्स!" म्हणून ओरडला, आणि मी त्याला तिथल्या तिथे गप्प केलं. तो प्ले त्या पोराने निवडला नव्हता.

थोड्याच वेळात हर्ट्स १५ यार्ड धावत टचडाउनला पोचला. ३५-२८. कॅमेऱ्याने साइडलाइन दाखवली, तर तिथे दुखरा घोटा घेऊन तुआ उभा होता.