‘पिसा’त भारत शेवटून दुसरा? जरा थांबा

सांगलीतल्या पालकांच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड पुन्हा फिरायला लागलाय. ‘पिसा’ या जागतिक परीक्षेत भारत शेवटून दुसरा आणि चीन पहिला. फिनलंडमध्ये गृहपाठ नाही, परीक्षा नाही, तरी तिथली मुलं जगात हुशार. म्हणून झेडपीच्या शाळा बंद करून सगळं खासगीकडे द्या. इतकं ठासून लिहिलंय की वाचणाऱ्याला शंकाच येऊ नये.

पहिला मुद्दा, भारताचा नंबर. ओईसीडी ही प्रामुख्याने विकसित देशांची संस्था २००० पासून पंधरा वर्षांच्या मुलांची वाचन, गणित आणि विज्ञानाची ही चाचणी घेते. भारत त्यात उतरला तो २००९ च्या फेरीत, तोही फक्त तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेशापुरता. ७४ देश-प्रदेशांच्या यादीत ही दोन राज्यं किर्गिझस्तानसोबत तळाला होती. महाराष्ट्राने पेपरच दिला नाही, तर मिरज-तासगावच्या शाळा नापास कशा झाल्या? गुण मात्र खरोखर वाईट होते. गणितात तमिळनाडूला ३५१, तर ओईसीडीची सरासरी ५०० च्या जवळपास. प्रश्न आपल्या मुलांच्या ओळखीचे नव्हते, अशी सबब तेव्हा दिल्लीतून पुढे आली. मला ती पटत नाही. एवढी दरी तेवढ्याने पडत नसते.

‘चीन पहिला’ हे तर आणखी गमतीचं. २००९ आणि २०१२ ला पहिलं आलं ते शांघाय, एकटं शहर. २०१८ ला पहिले आले ते बीजिंग, शांघाय आणि आणखी दोन सधन प्रांत. चीनमध्ये माणसाची सरकारी नोंद त्याच्या मूळ गावी असते. शहरात कामाला आलेल्यांची मुलं मोठी झाली की त्यातली बरीच गावी परततात, कारण पुढच्या प्रवेशपरीक्षा नोंदीच्या ठिकाणी द्याव्या लागतात. आणि पिसा नमुना काढते तो शाळेत नाव असलेल्या, सातवी किंवा त्यापुढे शिकणाऱ्या मुलांतूनच. म्हणजे गावी परतलेली मुलं शांघायच्या आकड्यात येतच नाहीत.

याचा अर्थ काय, हे वाळवा-पलूसकडे गळीत हंगामात दिसतं. दिवाळीच्या सुमाराला बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, कारखान्याच्या आसपास त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. पंधरा वर्षांचा पोरगा बापाबरोबर मोळ्या बांधतो, त्याची बहीण कोपीत धाकट्याला सांभाळते. गावच्या शाळेत दोघं गैरहजर, इथल्या शाळेच्या पटावर त्यांचं नावच नाही. उद्या सांगली जिल्ह्याची पिसा घेतली तर ही पोरं कुठल्याच हिशेबात येणार नाहीत. त्यांना वगळल्याने आपला आकडा वाढेलही, पण शाळेत काडीचाही फरक पडलेला नसेल. २०१२ ला व्हिएतनामने गणितात ५११ गुण मिळवून अमेरिकेला (४८१) मागे टाकलं, तेव्हाही सगळीकडे कौतुक झालं. त्या चाचणीच्या कक्षेत त्या वयाची जेमतेम ५६ टक्के मुलं होती, हे कोणी सांगितलं नाही.

‘असर’ ही आपल्याकडची मुलांच्या शिक्षणाची पाहणी मला म्हणूनच जास्त कामाची वाटते. २००५ पासून खेड्यात घरोघर जाऊन मुलाच्या हातात दुसरीच्या पातळीचा उतारा देतात आणि वाचायला लावतात. शाळा सोडलेलं मूलही त्यात मोजलं जातं.

आता फिनलंड. तो पहिल्या नंबरावर राहिलेला नाही. गणितात २००६ ला ५४८ गुण होते, २०२२ ला ४८४. गृहपाठ तिथे कमी असतो, नसतो असं नाही, आणि उच्च माध्यमिकच्या शेवटी राष्ट्रीय परीक्षाही असते. २०२२ ला तिन्ही विषयांत पहिलं आलं सिंगापूर, जिथे प्राथमिकच्या शेवटी मोठी परीक्षा होते आणि शिकवण्यांचा धंदा जोरात चालतो. नंबर बघूनच धडा घ्यायचा तर मग परीक्षा आणि क्लास वाढवा, असा फॉरवर्ड निघायला हवा! कोरियातही खासगी क्लासवर पालक पाण्यासारखा पैसा ओततात. त्या गुणांत शाळेचा वाटा किती, क्लासचा किती आणि घरचा किती, हे नुसत्या नंबरावरून कळत नाही.

आणि खासगीकरणाचं म्हणाल तर फिनलंडच्या बहुतेक सगळ्या शाळा तिथल्या नगरपालिका चालवतात. फी नाही, दुपारचं जेवणही फुकट.